गडग्यापलीकडचा कुळीथ: तणनाशक शेजारच्या झाडांना किती बाधतं, ते कुंड्यांत मोजण्याची पद्धत

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका सकाळी शेजारच्या काकीने गडग्यापलीकडून, म्हणजे आमच्यातल्या दगडी कुंपणापलीकडून, हाक मारली. "माझो कुळीद असो वाकडो कित्याक झालो रे?" भातकापणीनंतर मळ्यात जी ओल उरते, तिच्यावर तिने कुळीथ पेरला होता. गडग्याला लागून चार हात पट्ट्यातली रोपं शेंड्याशी पिळवटली होती, पानं वाटीसारखी वळली होती, देठ खाली वाकले होते. पलीकडचा कुळीथ मात्र ताठ उभा. आठवड्यापूर्वी आम्ही आमच्या पडीक तुकड्यातल्या रानमोडीच्या झुडपांवर २,४-डी हे तणनाशक मारलं होतं, तेही भरदुपारी, खारा वारा सुटलेला असताना.

डब्यावरचं लेबल मी पुन्हा पुन्हा वाचलं. कोणतं तण मरतं, हेक्टरी किती घ्यायचं, पाणी किती, सगळं होतं. कुळथाचं काय होईल, मेरेवरच्या टाकळ्याचं काय होईल, याबद्दल एक अक्षर नव्हतं. ते आपल्यालाच मोजता येतं, आणि नीट मोजलं तर भांडण न होता बोलता येतं. कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी, शाळेतले विज्ञान शिक्षक किंवा गावातला एखादा चिकाटीचा गट यांना करता येईल अशी ती पद्धत पुढे देतो आहे. सरकारी नोंदणीसाठी लागणारी चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच होते. पण तिथली चौकट आणि आपली चौकट एकच ठेवता येते.

चाचण्या दोन, आणि दोन्ही लागतात

जगभर यासाठी ओईसीडीच्या, म्हणजे आर्थिक सहकार्य आणि विकास या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, मार्गदर्शक पद्धती वापरतात. क्रमांक २०८ उगवणीची: बी पेरायचं, मातीवर औषध फवारायचं, किती उगवतं आणि कसं वाढतं ते पाहायचं. क्रमांक २२७ वाढीच्या जोमाची: रोप दोन ते चार खऱ्या पानांचं झालं की त्याच्यावर फवारायचं आणि पुढे तीन आठवडे बघायचं. पहिली १९८४ ची, २००६ मध्ये सुधारलेली. दुसरी २००६ ची.

एकाच चाचणीवर थांबलात तर फसाल, आणि कोकणात तर नक्कीच. ग्लायफोसेट मातीत पडलं की चिकटून बसतं. आपल्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर, त्यामुळे ते आणखी घट्ट धरलं जातं. म्हणून ग्लायफोसेट मातीवर फवारून बी पेरलं तर बहुधा छान उगवतं आणि "निरुपद्रवी" असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तेच पानावर पडलं तर रोप जातं. उलट भातात लावणीनंतर लगेच टाकतात ते प्रेटिलाक्लोर किंवा ब्युटाक्लोर उगवणाऱ्या कोंबावरच काम करतं. मोठ्या पानावर ते फारसं दिसणार नाही, उगवणीच्या चाचणीत मात्र लगेच पकडलं जाईल.

ग्लायफोसेटबद्दल आणखी एक. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांपुरता ठेवला. त्याची चाचणी करायचीच असेल तर महाविद्यालयामार्फत करा, घरच्या अंगणात नको.

झाडं कुठली घ्यायची

ओईसीडीच्या यादीत भात, मूग, काकडी, मुळा, कांदा आहेत. यातली दोन तरी घ्या, म्हणजे तुमचा आकडा बाहेरच्या आकड्यांशी ताडता येईल. पण तेवढ्यावर थांबू नका. पलीकडच्या मळ्यात कुळीथ, पावटा, नाचणी असते. मेरेवर टाकळा, कुर्डू, तेरडा असतो. पहिल्या पावसानंतर कोवळा टाकळा खुडून भाजी करणाऱ्या घराला, मेरेवर मारलेल्या औषधाने टाकळ्याचं काय होतं हे कळण्याचा हक्क आहे.

एकदल आणि द्विदल दोन्ही हवीत. २,४-डी रुंद पानांच्या झाडांना मारतं आणि गवतवर्गाला बहुतेक सोडतं. फक्त भात-नाचणीवर बघितलंत तर ते साधुसंत वाटेल.

बियाणं एकाच वर्षाचं, एकसारख्या आकाराचं आणि औषध न चोळलेलं असावं. बाजारातल्या पाकिटातलं गुलाबी किंवा निळं बी बुरशीनाशक लावलेलं असतं, ते नको. घरचा कुळीथ राखेत ठेवलेला असेल तर कोरड्या फडक्याने पुसून घ्या. टाकळ्याच्या बियांचं कवच टणक असतं, पाणी आत शिरत नाही. बारीक पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासा. पॉलिश पेपर न वापरता पेरलेला टाकळा महिनाभर आपल्या लहरीने उगवत राहतो आणि चाचणीचा विचका होतो. आधी ओल्या फडक्यात वीस दाणे घालून पाहा. सत्तर टक्क्यांहून कमी रुजले तर ते बी बाजूला.

सड्यावरच्या दुर्मीळ वनस्पतींना हात लावू नका. दीपकाडीसारखा कंद फक्त कोकणातल्या कातळावर येतो. त्याच्या काळजीपोटीच चाचणी करत असाल तरी तो उपटून कुंडीत आणणं म्हणजे उलटंच काम.

आंबा-काजूची रोपं करता येतात, बाठ्यापासून आणि बियांपासून. पण तीन आठवड्यांत त्यांच्यावर फारसं कळत नाही. पुढच्या पालवीपर्यंत थांबायची तयारी असेल तरच त्यात पडा.

माती, कुंड्या, हंगाम

सोळा सेंटिमीटर तोंडाच्या कुंड्या घ्या. काकडीसारखं मोठ्या रोपाचं बी कुंडीत एक-दोन, कुळथासारखं तीन, नाचणी-कांद्यासारखं बारीक बी पाच ते दहा. प्रत्येक मात्रेला कमीत कमी चार कुंड्या आणि एकूण वीस तरी बिया हव्यात. म्हणजे नाचणीला चार कुंड्या पुरतात, कुळथाला सात लागतात. पाच मात्रा आणि एक औषधाविना, असे सहा गट धरले तर एकट्या कुळथाच्याच बेचाळीस कुंड्या होतात. पहिल्या खेपेला दोनच जाती घ्या, बाकीच्या पुढच्या खेपांना.

मातीत सेंद्रिय कर्ब दीड टक्क्याच्या आत असावा, कारण कुजलेला पाला औषध शोषून धरतो आणि परिणाम खरा आहे त्याहून सौम्य दिसतो. बागेतली शेणखत घातलेली काळपट माती म्हणूनच चालत नाही. मळ्यातली माती चाळा, गोड्या पाण्याच्या नदीची रेती मिसळा. खाडीची रेती नको. तिच्यातल्या मिठानेच रोप करपेल आणि दोष औषधावर जाईल. ज्या जागेवर गेल्या दोन-तीन वर्षांत तणनाशक पडलं आहे, तिथली मातीही नको.

तापमान १२ ते ३२ अंश आणि आर्द्रता ४५ ते ९५ टक्के ही मार्गदर्शिकेची चौकट. आपल्याकडे ती दिवाळीपासून माघापर्यंत बऱ्यापैकी जमते. पावसाळ्यात झड आत येते, बुरशी धरते. एप्रिल-मेमध्ये रोपं उन्हानेच माना टाकतात. प्रयोगशाळेत सोळा तास उजेड देतात. आपल्याकडे थंडीत दिवस अकरा तासांचा असतो, म्हणून मांडवात एलईडीच्या नळ्या लावून सकाळ-संध्याकाळ उजेड वाढवा. नसेल जमत तर नैसर्गिक उजेडावर करा आणि वहीत तसं लिहून ठेवा.

मात्रा: इथे घाई करू नका

समजा लेबलवर हेक्टरी ३ लिटर औषध ५०० लिटर पाण्यातून, असं आहे. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा एका चौरस मीटरला औषध ०.३ मिलिलिटर आणि द्रावण ५० मिलिलिटर. म्हणजेच पूर्ण मात्रेचं द्रावण लिटरला ६ मिलिलिटर.

आता उतरंड करायची. प्रत्येक पायरी आधीच्या एक तृतीयांश: पूर्ण, १/३, १/९, १/२७, १/८१. दोन पायऱ्यांतलं अंतर तिपटीहून जास्त ठेवू नये. करायची रीत सोपी आहे. इंजेक्शनच्या सुईविना पिचकारीने १.८ मिलिलिटर औषध मोजा आणि पाणी घालून ३०० मिलिलिटर करा. यातलं १०० मिलिलिटर दुसऱ्या बाटलीत, त्यात २०० पाणी: झाली १/३. त्यातलं १०० तिसऱ्या बाटलीत, पुन्हा २०० पाणी: १/९. अशीच पुढे. प्रत्येक वेळी ओतण्याआधी बाटली वीसदा उलटीसुलटी करा. दुधाळ होणारी औषधं तशीच ठेवली तर वेगळी होऊ लागतात. पाणी स्वच्छ हवं. गढूळ पाण्यातला गाळ काही औषधं, विशेषतः ग्लायफोसेट, धरून ठेवतो.

खालच्या मात्रा एवढ्या बारीक कशाला, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. शेजाऱ्याच्या शेतात पूर्ण मात्रा जातच नाही, जातात ते उडालेले थेंब. युरोपात ट्रॅक्टरने शेतपिकांवर फवारताना कडेपासून एक मीटरवर सुमारे २.७७ टक्के मात्रा पडते असं धरून चालतात. १/२७ म्हणजे ३.७ टक्के आणि १/८१ म्हणजे १.२ टक्के. खरी गोष्ट या दोन पायऱ्यांवर घडते. पाठीवरचा पंप, उतारावरची जमीन आणि समुद्राचा वारा यांत तो युरोपी आकडा जसाच्या तसा लागू करू नये. त्यावर उपाय शेवटी सांगतो.

फवारणी

जमिनीवर एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन खडूने आखा. आधी नुसत्या पाण्याने सराव. हातपंपाची बाटली मोजपात्रात वीस वेळा दाबा, किती मिलिलिटर आलं ते बघा आणि ५० मिलिलिटरला किती दाब लागतील ते काढा.

मग एक परीक्षा. २० सेंटिमीटर व्यासाची स्टीलची ताटली घ्या, तिचं क्षेत्र साधारण ३१४ चौरस सेंटिमीटर. ती कोरडी तोला, चौकोनात ठेवून फवारा, लगेच पुन्हा तोला. चौरस मीटरला ५० मिलिलिटर बरोबर पडत असेल तर वजन सुमारे १.६ ग्रॅम वाढायला हवं. एक ग्रॅमच आलं तर बाकीचं हवेत आणि चौकोनाबाहेर गेलं. ताटली मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत ठेवून पाहा. हात बसेपर्यंत हे करत राहा. माझा बसायला एक पूर्ण सकाळ गेली होती.

प्रत्यक्ष फवारताना एका मात्रेच्या सगळ्या कुंड्या चौकोनात मांडा. क्रम नेहमी खालून वर: आधी नुसतं पाणी, मग १/८१, आणि पूर्ण मात्रा सर्वांत शेवटी. फवारलेल्या कुंड्या पानं वाळेपर्यंत एकमेकींपासून दूर. २,४-डीचा एस्टर प्रकार असेल तर त्याची वाफही उठते, तेव्हा पहिले दोन दिवस औषधाविना कुंड्या वेगळ्या पडवीत ठेवा.

आमची पहिली चाचणी याच टप्प्यावर वाया गेली. बाटली नवी नव्हती. साबणाने धुतली होती, पण तीत आधी २,४-डी होतं, आणि धुतल्यावरही नळीत अंश उरला होता. पाचव्या दिवशी नुसतं पाणी मारलेल्या कुळथाची पानं वाटीसारखी वळली. सगळ्या कुंड्या फेकाव्या लागल्या. तेव्हापासून औषधाविना गटाला कोरी बाटली, कोरं मोजपात्र, आणि ती कुठेच दुसरीकडे वापरायची नाहीत.

हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्या, नंतर आंघोळ. लहान मुलं आणि गुरं लांब. उरलेलं द्रावण व्हाळात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. लेबलवर ज्या जागेसाठी औषध आहे अशा जागेवरच फवारून संपवा. चाचणीतली भाजी, शेंगा कुणीही खायच्या नाहीत, गुरांनाही घालायच्या नाहीत.

एकवीस दिवस

पाणी खालून द्या, बशीत. वरून घातलं तर पानावरचं औषध धुऊन जातं. कुंड्यांच्या जागा आठवड्यातून दोनदा बदला, नाहीतर पडवीच्या कडेची कुंडी उजेडामुळे वाढते आणि तुम्ही ते औषधाचं श्रेय समजता.

उगवणीच्या चाचणीत रोज सकाळी मोजायचं. औषधाविना कुंड्यांतली निम्मी रोपं ज्या दिवशी वर येतील, तो दिवस शून्य. तिथून चौदा ते एकवीस दिवस. जोमाच्या चाचणीत फवारणीपासून एकवीस दिवस, हळू काम करणारं औषध असेल तर अठ्ठावीस.

काय पाहायचं ते औषधागणिक बदलतं. २,४-डी: दोन दिवसांत पिळवटणं, पानांच्या वाट्या. ऑक्सिफ्लुओरफेन: एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे ठिपके. ग्लायफोसेट: चार-पाच दिवस काहीच नाही, मग सर्वांत कोवळं पान फिकट पिवळं पडत जातं. बिसपायरीबॅकसारखी औषधं सर्वांत फसवी. रोप मरत नाही, हिरवंही दिसतं, फक्त वाढायचं थांबतं. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. लक्षणं पाहून गुण देणाऱ्याला कुंडीवरची मात्रा दिसू नये. तळाला सांकेतिक क्रमांक लिहा आणि यादी दुसऱ्याकडे ठेवा.

शेवटच्या दिवशी उंची मोजा आणि रोप मातीच्या पातळीला कापा. कुंडीगणिक कागदी पिशवीत घालून ६० अंशांवर वजन बदलेनासं होईपर्यंत वाळवा. काटा शतांश ग्रॅम दाखवणारा हवा, सोनाराचा चालतो.

आकडेमोडीआधी औषधाविना गटाकडे बघा. उगवण सत्तर टक्के तरी आहे? उगवलेल्यांपैकी नव्वद टक्के जगली? पानांवर कसलंही बाधेचं लक्षण नाही? यातलं एक जरी चुकलं तर चाचणी रद्द, बाकीचे आकडे कितीही सुंदर असोत.

आकडेमोड

घट टक्क्यांत = (औषधाविना वजन वजा औषधाचं वजन) भागिले औषधाविना वजन, गुणिले शंभर. समजावण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. औषधाविना कुळथाच्या कुंडीचं सरासरी सुकं वजन १.२० ग्रॅम. १/८१ ला १.१६, १/२७ ला १.०२, १/९ ला ०.७२, १/३ ला ०.३६, पूर्ण मात्रेला ०.१२. घट अनुक्रमे ३, १५, ४०, ७०, ९० टक्के.

वाढ निम्मी करणारी मात्रा म्हणजे ईआर-५०. ती ४० आणि ७० च्या मध्ये, म्हणजे १/९ आणि १/३ च्या मध्ये कुठेतरी. मात्रा तिपटीने वाढतात, म्हणून अंतर लॉगवर मोजायचं. १/९ चा लॉग उणे ०.९५४, १/३ चा उणे ०.४७७. पन्नास हा चाळीस ते सत्तरच्या एक तृतीयांश वाटेवर, म्हणून उणे ०.७९५, उलट केलं की ०.१६. म्हणजे पूर्ण मात्रेच्या १६ टक्क्यांना कुळीथ निम्मा होतो. याच रीतीने पंचवीस टक्के घटीची मात्रा येते सुमारे ५.७ टक्के. संगणक येणाऱ्यांनी प्रोबिट किंवा लॉग-लॉजिस्टिक वक्र बसवावा आणि खात्रीची मर्यादाही काढावी, पण आधी एकदा हाताने करा.

युरोपात ईआर-५० ला उडून पडणाऱ्या मात्रेने भागतात आणि उत्तर पाचाहून जास्त असावं असं धरतात. इथे १६ भागिले २.७७, म्हणजे ५.८, काठावर पास. अमेरिकेत पंचवीस टक्क्यांची मात्रा बघतात. मला तीच जवळची वाटते. चार गुंठ्यांत कुळीथ पिकवणाऱ्या घराला पाव पीक जाणंही फार झालं.

यानंतर शक्य असेल तर प्रत्येक गटातल्या दोन कुंड्या न कापता शेंगा धरेपर्यंत ठेवा. यासाठी सुरुवातीलाच जास्तीच्या पेरा. पानं सावरलेलं रोप शेंगा मात्र कमी धरतं, असं होऊ शकतं, आणि एकवीस दिवसांची चाचणी ते बघतच नाही.

गडग्यावरची साक्ष

आता तो युरोपी २.७७ बाजूला ठेवून आपल्याच वाऱ्याचा आकडा काढू. कोणत्या मात्रेला किती घट, हा कुळथाचा वक्र तुमच्याकडे तयार आहे. त्याच बियाण्याच्या, त्याच वयाच्या रोपांच्या कुंड्या घ्या आणि ज्या दिवशी पडीक तुकड्यात नेहमीसारखी फवारणी होणार असेल, त्या दिवशी शेजाऱ्यांना विचारून गडग्यापलीकडे एक, तीन, पाच आणि दहा मीटरवर चार-चार ठेवा. चार कुंड्या घरीच. फवारणी संपून पानं वाळली की सगळ्या मांडवात आणा, एकवीस दिवस खालून पाणी द्या, कापा, वाळवा, तोला. तीन मीटरवरच्या कुंड्यांत १५ टक्के घट आली, तर वक्रावर १५ ला कोणती मात्रा आहे ते बघा: १/२७. म्हणजे तीन मीटरवर पूर्ण मात्रेच्या सुमारे ३.७ टक्के औषध पोचलं.

हे दोन वेळा करा: एकदा दुपारी खारा वारा असताना आणि एकदा सकाळी लवकर. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, तेव्हा कुंड्या गडग्याच्या दोन्ही अंगांना ठेवा. पूर्वेकडची काकी वाचते, तेव्हा पश्चिमेकडच्या मळ्यात काय पडतं तेही त्याच दिवशी कळतं. कुंड्या काकीच्या मळ्यात ठेवायच्या होत्या तेव्हा तिनेच जागा दाखवली, आणि तोलायच्या दिवशी ती काट्याशेजारी बसून होती.